फॉर्म भरण्याआधी औषधांच्या ट्रॉलीकडं बघा

नर्सिंगचं पोस्ट बेसिक (नोकरीतल्या नर्सला बीएस्सीची पदवी देणारा कोर्स) करू का डिप्लोमा? एमएस्सी आत्ताच उरकून घेऊ का दोन वर्षं थांबू? सीईटी सेलची प्रवेश परीक्षेची नोटीस मोबाईलवर फिरायला लागली की आमच्या चेंजिंग रूममध्ये दुसरा विषय नसतो. मी मेडिसिन वॉर्डची इनचार्ज सिस्टर, त्यामुळं पोरी मला विचारतात, अलीकडं ब्रदर, म्हणजे पुरुष नर्सही विचारतात. "मॅडम, तुम्हीच सांगा की ओ, कुठला फॉर्म भरू?" मी उलट विचारते, सकाळी दहाची ट्रॉली फिरवताना तुझं डोकं कुठं अडतं? बऱ्याच जणींना वाटतं मॅडमनी विषय टाळला. टाळत नाही मी. उत्तर तिथंच असतं.

माझं आधी सांगून टाकते. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा पहिला डिप्लोमा केला, कोल्हापुरातच नोकरी धरली, काही वर्षांनी पोस्ट बेसिक केलं. एमएस्सी केलं नाही. ते राहून गेलं अशातला भाग नाही. मला वर्गात उभं राहायचं नव्हतं आणि वॉर्ड सोडायचा नव्हता. तेव्हा खालचं सगळं वॉर्डातल्या बाईचं मत आहे असं धरून वाचा. कॉलेजातली मॅडम तुम्हाला वेगळं सांगेल, आणि तिचंही खोटं नसेल.

आधी तीन महिने वही

महाद्वार रोडला कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते तसली, युनिफॉर्मच्या खिशात मावणारी एक वही घ्या. रोज ड्युटी संपली की घरी जाताना एक ओळ लिहायची: आज औषधांच्या बाबतीत काय कळलं नाही, किंवा कशानं डोकं फिरलं. पेशंटचं नाव नाही, बेड नंबर नाही, डॉक्टरांचं नाव तर अजिबात नाही. ही वही उद्या कुणाच्याही हातात पडली तरी कुणाचं काही उघडं पडता कामा नये.

अशा वह्यांतल्या ओळी साधारण कशा असतात बघा. "फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये का चालत नाही?" "आजींनी गोळी थुंकली, परत द्यायची का नाही?" "हेपॅरिनच्या दोन्ही व्हायल एकाच खणात कोण ठेवतं?" "नवीन मुलीला सलाईनचा ड्रिप रेट परत सांगितला, तिला कळत कसं नाही?" "काका घरी निघाले, इन्सुलिन कोण देणार? फ्रिज नाही म्हणतात."

तीन महिन्यांनी निवांत बसून सगळी वही वाचा. ज्या जातीचे प्रश्न सगळ्यात जास्त, तिकडं तुमचा कल. इतकं सरळ असतं का, असं कोणीही विचारेल. नसतं. पण मैत्रिणीनं फॉर्म भरला म्हणून भरण्यापेक्षा किंवा नवऱ्याच्या मावशीनं "एमएस्सी म्हणजे कॉलेजात नोकरी, रात्रपाळी नाही" असं सांगितलं म्हणून भरण्यापेक्षा हे बरं.

"हे का, आणि आता पुढं काय?"

वही अशा प्रश्नांनी भरली असेल तर तुमचं मन क्रिटिकल केअरमध्ये आहे, मग तुम्ही आज जनरल वॉर्डात का असेना. अशा मुली मला लांबून ओळखू येतात. औषधाचा पंप लावून त्या निघून जात नाहीत, आकडा असा का आला ते बघत उभ्या राहतात.

एक उदाहरण घेऊ. ६० किलोचा पेशंट, बीपी वाढवणारं नॉरॲड्रिनॅलिन ०.१ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट सुरू करायचं आहे. सिरिंजमध्ये ५० एमएलमध्ये ४ एमजी आहे, म्हणजे एका एमएलमध्ये ८० मायक्रोग्रॅम. पेशंटला मिनिटाला ६, म्हणजे तासाला ३६० मायक्रोग्रॅम हवं. ३६० भागिले ८०, पंपावर ताशी ४.५ एमएल. हे गणित कागदावर सगळ्यांना येतं. पण ॲम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) हातात घेतल्यावर लेबलवर बायटार्ट्रेट (औषधाचा क्षार) किती आणि बेस (मूळ औषध) किती हे दोन्ही वाचणारी मुलगी वेगळीच असते. २ एमजी बायटार्ट्रेट म्हणजे १ एमजी बेस. हे वाचलं नाही तर सिरिंजमध्ये ४ एमजी आहे असं समजून तुम्ही २ एमजी भरून मोकळ्या होता, आणि मग डॉक्टर विचारत बसतात की डोस वाढवून वाढवून बीपी का येईना.

अशांना दोन वाटा आहेत. एक, पोस्ट बेसिक डिप्लोमा इन क्रिटिकल केअर नर्सिंग: एक वर्षाचा, जीएनएम असो की बीएस्सी, नोंदणी आणि वर्षभराचा अनुभव असला की करता येतो. इमर्जन्सी, ऑन्कोलॉजी, निओनेटल, ऑपरेशन रूम असेही डिप्लोमा आहेत. दुसरी वाट म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर, दोन वर्षांचा रेसिडेन्सी कोर्स, बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक झालेल्यांसाठी. यात बहुतेक काळ आयसीयूतच जातो. औषधशास्त्र चांगलं खोल आहे. मात्र हा कोर्स केला की आपण सरसकट प्रिस्क्रिप्शन लिहू शकतो, अशी जी समजूत पसरली आहे ती डोक्यातनं काढा. काम संस्थेच्या ठरलेल्या प्रोटोकॉलमध्ये आणि डॉक्टरांच्या सोबतच करायचं असतं.

मला विचाराल तर जीएनएम झालेल्या, घरची जबाबदारी असलेल्या मुलीला मी आधी एक वर्षाचा डिप्लोमाच सुचवते. त्यातलं शिकलेलं दुसऱ्या दिवशी ट्रॉलीवर वापरता येतं.

"हिला हे कसं समजावू?"

ज्यांच्या वहीत नवीन मुलींबद्दलच्या ओळी जास्त, त्यांनी एमएस्सीचा विचार जरूर करावा. मात्र ओळीतला सूर बघा. "कळत कसं नाही" एवढ्यावरच थांबली असाल तर ती नुसती चिडचिड आहे. "उद्या बाटली आणि घड्याळ हातात देऊन दाखवते" असं पुढं लिहिलं असेल तर तुमच्यात शिक्षिका आहे.

एमएस्सी दोन वर्षांचं. बीएस्सी किंवा पोस्ट बेसिकला किमान ५५ टक्के आणि वर्षभराचा अनुभव लागतो. शाखा पाच: मेडिकल सर्जिकल, कम्युनिटी हेल्थ, चाइल्ड हेल्थ, ऑब्स्टेट्रिक ॲन्ड गायनॅकॉलॉजी, आणि मेंटल हेल्थ. प्रबंध करावा लागतो, आणि इथं ती जुनी वही सोनं होते. प्रबंधाला विषय मिळेना म्हणून दुसऱ्याचा विषय फिरवून घेणारे खूप बघितलेत. तुमच्या वहीत पंधरा वेळा आलेला प्रश्न हाच विषय.

आमच्या भागात एमएस्सी झालेली माणसं कॉलेजात दिसतात, वॉर्डात क्वचित. हे चांगलं नाही असं माझं मत आहे, पण नोकऱ्या तिथंच आहेत. तेव्हा पेशंट सोडवेल का, हे स्वतःला आत्ताच विचारा.

"हे इथं का नाही?"

फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांत आहे का हे कोणी लिहिलेलं नाही, डोपामिन आणि डोब्युटामिन शेजारी-शेजारी, औषधांचं इंडेंट (मागणी) देऊन दोन दिवस झाले, मुदत संपलेली ॲट्रोपिन क्रॅश कार्टमध्ये, म्हणजे तातडीच्या औषधांच्या गाडीत. अशा तक्रारींनी वही भरली असेल तर तुम्ही व्यवस्थापनातलं माणूस आहात. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचे कोर्स आहेत, रुग्णालयांचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांत औषध व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्रकरण आहे, ते वाचायला सुरुवात करा. निम्म्या कामाला पदवी लागतच नाही, लेबल प्रिंटर लागतो.

"घरी गेल्यावर काय?"

या प्रश्नाची किंमत आपल्या जिल्ह्यात फार आहे आणि तिकडं जाणाऱ्या मुली कमी. डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांची पिशवी हातात देऊन आपण "सकाळ-संध्याकाळ घ्या" म्हणतो. पेशंट जातो गगनबावड्याला नाहीतर शाहूवाडीच्या वाडीवर. पावसाळ्यात लाईट जाते ती परत कधी येईल सांगता येत नाही, आणि पिशवीत इन्सुलिन असतं. वापरात असलेली व्हायल साधारण चार आठवडे सावलीत, गार जागी चालते, ती फ्रिजमध्येच हवी असं नाही. न उघडलेली मात्र २ ते ८ अंशांत हवी, आणि गोठलेली असेल तर टाकून द्यायची. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. माठाशेजारी ठेवा, चुलीच्या फळीवर नको, व्हायलवर उघडल्याची तारीख घाला. हे सांगायला ज्या थांबतात त्यांची ओव्हर (पुढच्या पाळीला काम सोपवणं) उशिरा होते आणि बाकीच्या त्यांच्यावर वैतागतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि परत २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा चिखली, आंबेवाडीसारखी गावं घरं सोडून बाहेर पडली. पाण्यातनं बाहेर येणारा माणूस लेकरं घेतो, जनावरं सोडतो, बीपीची गोळी फळीवरच राहते. कुठली गोळी एक दिवस चुकली तर चालेल आणि कुठली अचानक बंद केली तर अंगावर येईल, हे ओळखणारी नर्स अशा वेळी लागते. बीटा ब्लॉकर, फिटच्या गोळ्या, स्टेरॉइड, इन्सुलिन या अचानक बंद न करायच्या यादीतल्या. ज्यांना हे प्रश्न रात्री झोपू देत नाहीत त्यांनी कम्युनिटी हेल्थ बघावं. "त्यात काय, फिल्डवर फिरायचं" असं हिणवणाऱ्यांकडं लक्ष देऊ नये.

"अटेंडन्स मॅनेज होते" म्हणणाऱ्यांपासून सावध

कोर्स ठरला की एजंट भेटतो. सीमेपलीकडचं कॉलेज असो नाहीतर आपल्याच बाजूचं, वाक्य एकच: "सिस्टर, नोकरी सोडू नका, परीक्षेपुरतं या, अटेंडन्स मॅनेज होते." पोस्ट बेसिक आणि एमएस्सी हे रेग्युलर, पूर्णवेळ कोर्स आहेत. परीक्षेला बसायला थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ८० टक्के हजेरी लागते आणि पदवी हातात पडण्याआधी प्रॅक्टिकल १०० टक्के पूर्ण झालेलं लागतं. ज्या तारखेला तुम्ही कोल्हापुरात रात्रपाळीच्या रजिस्टरवर सही केली त्याच तारखेला तुम्ही दीडशे किलोमीटरवरच्या क्लिनिकलला (रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाच्या तासाला) हजर होता, हे कागदावर उभं राहतं. ते आज कुणी बघत नाही. परदेशात जाताना, सरकारी नोकरीच्या पडताळणीत, कोर्टात साक्षीला उभं राहायची वेळ आली तर बघतात.

कॉलेजची मान्यता तीन ठिकाणी बघा: विद्यापीठ, राज्याची नर्सिंग कौन्सिल, इंडियन नर्सिंग कौन्सिल. महाराष्ट्रात विद्यापीठ म्हणजे बहुतेक वेळा नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाहीतर अभिमत विद्यापीठ. त्यातही या वर्षाची मान्यता आहे का ते बघा. भिंतीवर लावलेलं जुनं पत्र काही कामाचं नाही. १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी आणलेला नर्सिंग ॲन्ड मिडवायफरी कमिशनचा कायदा २०२३ मध्ये संसदेत मंजूर झाला आहे, त्यामुळं सिनियरनं तिच्या काळातला नियम सांगितला तरी संकेतस्थळावर जाऊन स्वतः वाचायचा.

शिकत असताना ट्रॉली कशी फिरवायची

आता मुख्य. बिनपगारी रजा घेऊन किंवा राजीनामा देऊन पूर्णवेळ शिकणाऱ्या मुलींचं एक बरं असतं. पण घर चालवायचं म्हणून दिवसा कॉलेज आणि सुट्टीच्या दिवशी कुठंतरी ड्युटी करणाऱ्या खूप आहेत, आणि नोकरी सांभाळून सीईटीचा अभ्यास करणाऱ्या तर जवळजवळ सगळ्याच. त्यांच्यासाठी माझ्या वॉर्डात काही नियम आहेत. कडक आहेत, त्यावरनं मला नावंही ठेवतात.

ट्रॉलीवर पुस्तक नाही, मोबाईल नाही, प्रश्नसंचाचे झेरॉक्स नाहीत. औषध लोड करताना कुणी हाक मारली तर उत्तर द्यायचं नाही. वॉर्डातल्या मदतनीस मावशींना आणि मामांनाही हे सांगून ठेवलं आहे. नातेवाईक येतातच, "सिस्टर, सलाईन संपलं". त्यांना हातानं थांबा म्हणायचं, हातातली सिरिंज पूर्ण करायची, लेबल लावायचं, मग जायचं. अर्धवट लोड केलेली सिरिंज सोडून गेलात तर परत येऊन ती वापरायची नाही, टाकून द्यायची.

ज्यानं लोड केलं त्यानंच द्यायचं. "मी भरून ठेवलंय, तू फक्त दे" हे वाक्य माझ्या वॉर्डात चालत नाही. कॉलेजातनं घाईनं आलेल्या मुलीला मदत म्हणून मैत्रिणी हेच करतात, मायेपोटी करतात, आणि मग सिरिंजमध्ये काय आहे हे सही करणारीला ठाऊक नसतं. मदतच करायची असेल तर तिच्या पेशंटचं टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, त्यांचे इंटेक-आउटपुट लिहा.

ओव्हर काउंटरवर घ्यायची नाही, बेडजवळ घ्यायची. ट्रीटमेंट शीट हातात, चालू असलेली बाटली डोळ्यांसमोर. दहाचा डोस दिला म्हणून सही आहे आणि व्हायल ट्रेमध्ये तशीच आहे, हे काउंटरवर बसून कळत नाही.

चार औषधांना दोन माणसं लागतातच: इन्सुलिन, हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं), पोटॅशियम क्लोराइड आणि नार्कोटिक (मॉर्फिनसारखी). दुसरीनं तपासायचं म्हणजे पहिलीनं "दहा युनिट ना?" विचारल्यावर "हो" म्हणायचं नाही. उत्तर न ऐकता तिनं स्वतः ऑर्डर वाचायची, स्वतः गणित करायचं, आणि मग दोघींचे आकडे जुळवायचे. हे का, ते इन्सुलिनवरून सांगते. आपल्याकडं एका एमएलला ४० युनिटची व्हायल येते आणि १०० युनिटचीही येते. सिरिंजही दोन: ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. ऑर्डर २० युनिटची आहे. १०० च्या व्हायलमधनं ४० च्या सिरिंजनं २० च्या खुणेपर्यंत ओढलंत तर पेशंटला गेलं ५० युनिट. उलटं केलंत तर गेलं फक्त ८. दोन्ही वेळा खूण २० चीच दिसते, त्यामुळं नुसती सिरिंज बघून "बरोबर आहे" म्हणणारी दुसरी नर्स काही उपयोगाची नाही. तिनं व्हायल, सिरिंज आणि ऑर्डर तिन्ही बघायचं.

हेपॅरिनचंही तसंच. ५ एमएलच्या व्हायलमध्ये कधी एका एमएलला १००० युनिट असतात, कधी ५०००. पोटॅशियमच्या १० एमएलच्या ॲम्प्यूलमध्ये २० मिलीइक्विव्हॅलंट असतं. ते कधीही सरळ शिरेत पुश करायचं नाही, बाटलीत घालून, नीट हलवून, ठरलेल्या वेगानं. याच्या ॲम्प्यूल मोकळ्या ट्रेमध्ये दिसल्या तर मी ड्युटीवरच्या सगळ्यांना तिथल्या तिथं बोलवते.

परीक्षा, सबमिशन, मुलाचं आजारपण या काळात इनचार्जला आधी सांगा. "मॅडम, हा आठवडा मला आयसीयू नको, ट्रॉलीला जोडीला कोण तरी द्या." असं सांगायला मुलींना कमीपणा वाटतो. मला ते ऐकून बरं वाटतं, कारण न सांगणारी मुलगी चोवीस तास जागी आहे हे मला तिच्या डोळ्यांवरनं ओळखावं लागतं. इनचार्ज ऐकत नसेल तर ड्युटी बदलीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

नवीन ठिकाणी सुट्टीच्या दिवसापुरती ड्युटी धरली असेल तर नार्कोटिकच्या कपाटाची चावी मोजल्याशिवाय हातात घेऊ नका. मॉर्फिन, फेंटॅनिल हे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यातलं प्रकरण आहे. रजिस्टरमधला शिल्लक आकडा आणि कपाटातल्या ॲम्प्यूल जुळवा, उरलेलं औषध फेकताना साक्षीदाराची सही घ्या, रिकामी ॲम्प्यूल परत द्या. "इथं एवढं कोण बघतं" असं उत्तर मिळालं तर तिथं दुसरी ड्युटी करू नका.

आणखी एक गोष्ट, जरा नाजूक. कोर्सला गेलेल्या मुलीला पहिल्या सहा महिन्यांत औषधशास्त्राची नवी हवा लागते. डोस जास्त वाटतो, ड्रग इंटरॅक्शन दिसते, आणि ती स्वतःच्या मनानं औषध मागं ठेवते. शंका येणं शंभर टक्के बरोबर. मागं ठेवणंही कधीकधी बरोबर, हृदयाचं डिगॉक्सिन द्यायचं आहे आणि एपिकल पल्स (छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलेले ठोके) साठच्या खाली आहे तर थांबायचंच. पण थांबलात की लगेच डॉक्टरांना कळवायचं, त्यांनी काय सांगितलं ते वेळेसह लिहायचं. फोनवर ऑर्डर मिळाली तर परत वाचून दाखवायची, आणि नंतर त्यावर त्यांची सही घ्यायची. मनातल्या मनात थांबलेलं औषध शीटवर फक्त चुकलेला डोस म्हणून दिसतं.

अभ्यास ट्रॉलीतनंच

वेळ मिळत नाही ही सगळ्यांची तक्रार. खरी आहे. म्हणून रोज ट्रॉलीतलं एकच औषध घ्या आणि घरी गेल्यावर त्याच्याबद्दल पाच गोष्टी लिहा: कशासाठी, कशात आणि किती डायल्यूट, किती वेळात, देताना काय बघायचं, कधी थांबून हाक मारायची. व्हॅन्कोमायसिन किमान तासाभरात का? सेफ्ट्रिॲक्सोन आरएलसोबत (रिंगर लॅक्टेट सलाईनसोबत) का नको? मॅग्नेशियम सल्फेट चालू असताना गुडघ्याचा झटका, श्वासाची गती आणि लघवी का मोजायची, आणि शेजारी कॅल्शियम ग्लुकोनेट का ठेवायचं? पाकिटातला बारीक अक्षरातला कागद फेकू नका, अभ्यासाला तोच घ्या. नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया कॉलेजच्या लायब्ररीत मिळते.

ड्रिप रेट रोज एक. ५०० एमएल ८ तासांत: एमएलला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला २१ थेंब, एमएलला ६० थेंबांच्या मायक्रो सेटला ६३. सेटच्या पाकिटावर थेंब छापलेले असतात. ते न वाचता पाठ असलेला आकडा लावणाऱ्यांना मी परत पाकीट शोधायला पाठवते.

२०२१-२२ पासूनच्या नव्या बीएस्सी अभ्यासक्रमात औषधशास्त्राला जोडून प्रिस्क्रिप्शनच्या मूलतत्त्वांचा भागही आहे. म्हणजे काल लागलेल्या मुलीला काही गोष्टी तुमच्यापेक्षा जास्त येत असतील. रुसू नका, विचारा. तिला शीर सापडत नसते, तेव्हा देवाणघेवाण होते.

औषधाची रिॲक्शन दिसली की ती डॉक्टरांना सांगून, केसपेपरवर लिहून संपत नाही. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्राम ऑफ इंडियाचा फॉर्म नर्सही भरू शकते. मदतीचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. असा फॉर्म नीट भरायला लागलात की औषध कधी दिलं, पुरळ कधी आलं, सोबत आणखी काय चालू होतं, हे आपोआप बघायची सवय लागते. एमएस्सीच्या मुलाखतीला जाताना याचा उपयोग होतो तो वेगळाच.

रजा, पैसा, कागद

सरकारी नोकरीत असाल तर अध्ययन रजेचे नियम आणि बंधपत्र आस्थापना शाखेत जाऊन स्वतः वाचा, सहकारिणीच्या तोंडून ऐकलेलं धरू नका. खासगीत बिनपगारी रजा मिळते का, परतल्यावर तीच जागा मिळणार का, बाँड किती वर्षांचा, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासन देणाऱ्या मॅट्रन तुम्ही परत येईपर्यंत बदललेल्या असतात. हॉस्टेल, प्रवास, प्रबंधाची छपाई, क्लिनिकलला दुसऱ्या गावी पाठवतात त्याचा खर्च, हे फीच्या बाहेरचं धरून हिशेब करा. घरात कोण स्वयंपाक करणार याचा निर्णय प्रवेश घेण्याआधी झालेला बरा.

कोर्स झाला की वाढीव पात्रतेची नोंद महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलमध्ये करून घ्या, ती आपोआप होत नाही. बाहेरच्या राज्यात शिकला असाल तर जास्तच वेळ हाताशी ठेवा. नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण असतं, सीएनईची (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाची) प्रमाणपत्रं एका फायलीत तारखेनं लावून ठेवा. फॉर्म भरण्याच्या आधीच आत्ताच्या रुग्णालयाकडून अनुभव प्रमाणपत्र घ्या, आणि त्यात नुसतं "स्टाफ नर्स" नको. कुठल्या विभागात, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, हे लिहून, शिक्क्यासह. क्रिटिकल केअरच्या कोर्सला आयसीयूचा अनुभव दाखवायचा असतो तेव्हा त्या एका ओळीसाठी मुली परत येऊन आमच्या ऑफिसच्या बाहेर बाकावर बसलेल्या असतात, आणि क्लार्क नेमका जेवायला गेलेला असतो.